टिचकी मारलेले मडके

मडके विकत घेताना टिचकी मारून पाहण्याची आपली रीत आहे. तीत एक गोष्ट आपण न बोलता गृहीत धरतो: ज्याला टिचकी मारली, तेच मडके घरी न्यायचे. इंग्लंडातील डी हॅव्हिलंड कंपनीच्या कॉमेट विमानाची हकिकत आम्हांला आज याच मुद्द्यासाठी सांगावयाची आहे.

2 मे 1952 रोजी कॉमेट लंडनहून प्रवासी घेऊन जोहान्सबर्गकडे निघाले आणि जेट विमानाने नियमित प्रवास सुरू झाला. बरोबर एका वर्षाने, 2 मे 1953 रोजी, कलकत्त्याच्या डमडमहून उडालेले एक कॉमेट वादळात मोडले. 43 माणसे गेली. दोष वादळाच्या माथी बसला. 10 जानेवारी 1954 रोजी एल्बा बेटाजवळ दुसरे एक 35 माणसांसह समुद्रात पडले. उड्डाणे थांबली, सुचतील त्या दुरुस्त्या झाल्या आणि 23 मार्चला उड्डाणे पुन्हा सुरू झाली. मूळ दोष तोवर सापडलेला नव्हता. ही घाई नडली. 8 एप्रिलला नेपल्सजवळ आणखी 21 जीव गेले.

मग कंपनीने विमान तपासलेच नव्हते काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. कॉमेट पस्तीस-चाळीस हजार फुटांवर उडे. तेथील हवा विरळ, म्हणून विमानात हवा दाबून ठेवावी लागे. दर उड्डाणात त्याचे धड किंचित फुगे आणि उतरताना सैल पडे. तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते. धातूला शीण येतो तो असाच. कंपनीने धडाच्या पुढल्या भागावर हा दाब सुमारे 18,000 वेळा दिला, तेव्हा कुठे खिडकीच्या कोपऱ्याशी पत्रा फाटला. एल्बाचे विमान मात्र सुमारे 1,290 उड्डाणांतच संपले, नेपल्सचे 900 उड्डाणांत!

फार्नबरोच्या सरकारी संशोधन संस्थेत सर आर्नल्ड हॉल यांच्या मंडळींनी वापरातले एक कॉमेट पंख बाहेर ठेवून पाण्याच्या टाकीत बसविले. हवेने फुगविलेले धड फुटले तर बॉम्बसारखे फुटते आणि पुरावाच नाहीसा होतो. पाणी दबत नाही, म्हणून चीर जिथली तिथे राहते. तीन तासांचे उड्डाण टाकीत काही मिनिटांत होई. आधीची खरी उड्डाणे धरून 3,000 फेऱ्यांच्या थोडे पुढे, 1954च्या जूनमध्ये, धड फाटले.

मग कंपनीचा तुकडा 18,000 फेऱ्या कसा टिकला? त्याच तुकड्यावर आधी बळाची परीक्षा झाली होती. नेहमीच्या दाबाहून अधिक, थेट दुपटीपर्यंत दाब सुमारे तीस वेळा दिला गेला होता. त्या ताणाने खिडक्यांच्या कोपऱ्यांतला धातू किंचित ओढला गेला. दाब उतरताच भोवतालच्या पत्र्याने तो आवळून धरला. असा आवळलेला धातू सहजी चिरत नाही. परीक्षेनेच त्या तुकड्याला बळकटी दिली, आणि प्रवासी बसले ते ही बळकटी न मिळालेल्या विमानांत. कोणी लबाडी केली नव्हती. एकच महागडा तुकडा दोन परीक्षांना वापरला, एवढेच. काटकसर म्हणून आपणही तेच केले असते.

पुढे विमाने बांधणाऱ्यांनी रीत बदलली. बळ पाहण्याचा सांगाडा निराळा आणि शीण पाहण्याचा निराळा ठेवू लागले.