बाप्तिस्मा आणि गोदास्नान

नाशिककरांस तीर्थस्नानाचे महत्त्व सांगावयास नको. गोदेत स्नान केल्याने पाप धुतले जाते, आणि हे स्नान कितीही वेळा करिता येते. ख्रिस्ती बाप्तिस्मा मात्र आयुष्यात एकदाच घ्यावयाचा. ख्रिस्तासह मरणे, पुरले जाणे व नव्या जीवनात उठणे, असा त्याचा अर्थ संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात सांगितला आहे. आमच्या समाजाने त्याचा एकच अर्थ जाणला : जात गेली!

१० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हा नाशिकजवळच्या जलालपूरच्या माहेरवाशीण लक्ष्मीबाई यांचा संसार याच अर्थापायी दुभंगला. पुढे पतीपत्नी पुन्हा एकत्र आली आणि १९०० साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. परंतु त्यांच्या मनातील सोवळ्याओवळ्याची भिंत त्यापूर्वीच कोसळली होती. अंतरंग आधी पालटले, संस्कार मागाहून झाला.

१९१७ साली टिळकांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला, व त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांस स्थान दिले. यात बाप्तिस्म्याचा अनादर होता असे आम्हांस वाटत नाही. संस्कार दोन समाजांमधील वेस होऊन बसला, म्हणजे त्यातील मरण व नवजीवन दिसेनासे होते. हे त्या दांपत्याने स्वतः सोसून जाणिले होते.