भूदृश्य छायाचित्रणातील आकाश

भूदृश्याच्या छायाचित्रात आकाशाचा उजेड, रंग व मेघ इष्ट स्वरूपात उमटावेत म्हणून छायाचित्रणाच्या आरंभकाळापासून निरनिराळी तंत्रे वापरण्यात आली आहेत. आकाश भूमीपेक्षा पुष्कळच तेजस्वी असल्याने एकाच उद्‌भासनात दोहोंचे तपशील टिपणे कठीण जाते.

फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ओल्या कलोडियन प्रक्रियेतील काच निळ्या व जांभळ्या प्रकाशास अतिशय संवेदनशील होती. हिरव्या व तांबड्या प्रकाशाचा तिच्यावर फारच अल्प परिणाम होई. त्यामुळे झाडे व जमीन उमटेपर्यंत निगेटिव्हवरील आकाश गडद काळे होई आणि छापात ते कोरे पांढरे दिसे. यावर उपाय म्हणून आकाश व भूमी यांची स्वतंत्र निगेटिव्हे घेऊन ती क्षितिजरेषेशी जुळवून एकाच कागदावर छापण्याची पद्धत निघाली. फ्रेंच छायाचित्रकार ग्यूस्ताव्ह ल ग्रे (१८२०–८४) यांचे सेत येथील महालाटेचे चित्र (१८५७) या पद्धतीचे विख्यात उदाहरण होय. एकच मेघचित्र त्यांनी एकाहून अधिक सागरदृश्यांत वापरल्याचेही आढळते. पुढे तयार मेघ-निगेटिव्हे विक्रीस आली. मात्र मेघांवरील उजेड व भूमीवरील सावल्या यांची दिशा जुळली नाही, तर जोडकाम उघडे पडे.

हेरमान फोगेल यांनी १८७३ मध्ये रंजकद्रव्यांच्या साहाय्याने काचेची संवेदनशीलता इतर रंगांपर्यंत वाढविता येते, असे दाखविले. १९०६ पासून सर्व रंगांना संवेदनशील अशा काचा बाजारात मिळू लागल्या. त्यामुळे निळा प्रकाश शोषणारे पिवळे व तांबडे फिल्टर वापरून आकाश गडद करणे व मेघ उठावदार करणे सुलभ झाले. अमेरिकन छायाचित्रकार अँसल ॲडम्स (१९०२–८४) यांनी योसेमिटी येथील हाफ डोम या कड्याचे १९२७ मधील चित्र तांबडा फिल्टर लावून घेतले. त्यात आकाश जवळजवळ काळे दिसते.

संगणकीय संपादनात हीच कामे आज्ञावलीद्वारे होतात. फोटोशॉप ही आज्ञावली १९९० मध्ये विक्रीस आली. १९९४ च्या आवृत्तीत चित्राचे थर स्वतंत्रपणे हाताळण्याची सोय झाली. मुखवट्याने आकाश वेगळे करून त्याचा उजेड व रंग बदलता येतो. तसेच वेगवेगळ्या उद्‌भासनांची चित्रे एकत्र करता येतात. २०२० मध्ये या आज्ञावलीत संपूर्ण आकाश आपोआप बदलण्याची सोय आली.

मूळ आकाशातील तपशील प्रकट करणे आणि अन्यत्रचे आकाश बसविणे यांत मूलतः फरक आहे. कलाकृतीत दुसरा प्रकारही मान्य होऊ शकतो. परंतु वृत्तछायाचित्रणात तो निषिद्ध मानतात, कारण तेथे छायाचित्राचे मूल्य त्याच्या साक्षीवर अवलंबून असते.