कार्टून आहे म्हणजे लहान मुलांचंच, हे ठरवलं कुणी?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण घरात दहा वर्षांखालचं पोर असेल तर सवडीने शेवटपर्यंत वाचा.

आधी एक कबुली. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आपल्या टॉकीजला एक कार्टूनपट लागला होता. रात्रीचे साडेनऊ वाजलेले, पानावर जागा रिकामी आणि समोर प्रेसनोट पडलेली. मी चार ओळींची बातमी लावून टाकली. मथळा दिला, 'बच्चेकंपनीसाठी सुट्टीची पर्वणी'. सिनेमा बघितला नव्हता. कार्टून आहे म्हणजे मुलांचंच असणार, एवढंच डोक्यात.

चार दिवसांनी बाजारात ओळखीच्या एक ताई भेटल्या. म्हणाल्या, "दादा, तुमची बातमी वाचून गेलो होतो. मध्यंतराच्या आधीच उठून यावं लागलं. पोरगी पाच वर्षांची. आता रात्री दिवा घालवू देत नाही." चिडून बोलल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी येऊन पोस्टरचा फोटो मोठा करून बघितला. कोपऱ्यात बारीक अक्षरात खूण होती, यूए १३+. मी बघितली नाही, ताईंनी बघितली नाही, दारावरच्या माणसानेही अडवलं नाही. मग वाचायला बसलो की ही खूण आली कुठून आणि तिचा उपयोग काय. वाचल्यावर कळलं की माझी चूक नवी नाही. नव्वदेक वर्षं जुनी आहे, आणि भल्याभल्यांनी केलेली आहे.

डिस्नेचा 'स्नो व्हाइट' १९३७ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत झळकला. परीकथा, सात बुटके, गाणी. दुसऱ्या वर्षी तो इंग्लंडला गेला तेव्हा तिथल्या सेन्सॉर मंडळाने त्याला 'यू' दिलं नाही, 'ए' दिलं. तेव्हाच्या 'ए'चा अर्थ असा की सोळा वर्षांखालच्या मुलाने मोठ्या माणसासोबतच यायचं. कारण काय, तर राणीची चेटकीण होते तो प्रसंग आणि त्या जंगलातली धावाधाव लहानग्यांना झेपणार नाही. बराच गदारोळ झाला. तिकडे शेवटचा शब्द स्थानिक पालिकांचा असतो. अनेक पालिकांनी मंडळाचं न ऐकता 'यू' देऊन टाकलं. आता आपल्याला ते मंडळ हास्यास्पद वाटतं. पण राणीचा चेहरा बदलताना किंचाळलेली पोरं खरी होती, हेही विसरू नका.

पुढे त्याच मंडळाने उलटी चूक केली. 'वॉटरशिप डाउन' हा सशांवरचा कार्टूनपट, साल १९७८. ससे म्हटल्यावर आपल्याला काय वाटेल? कापसाचे गोळे, उड्या, गाजर. पण या सिनेमात बिळं बुजवून ससे गुदमरून मारले जातात, फासात अडकलेला ससा तडफडतो, ससे एकमेकांना रक्तबंबाळ करतात. मंडळाने तो बघितला आणि 'यू' दिलं. त्यांचा विचार साधारण असा होता की हे चित्र आहे, त्यामुळे रक्ताची भीषणता कमी होते, आणि सिनेमा संपला की मूल त्यातून बाहेर येईल.

मूल बाहेर आलं नाही. त्या पिढीतले लोक आज म्हातारपणाकडे झुकलेत, तरी त्या सशांची आठवण काढतात. मंडळाकडे वर्षानुवर्षं तक्रारी येत राहिल्या. २०१६ साली ईस्टरच्या रविवारी, म्हणजे ऐन सणात, एका वाहिनीने तो दुपारी दाखवला आणि पालक पुन्हा खवळले. मंडळाच्या प्रमुखांनी मान्य केलं की आज हा सिनेमा आला असता तर 'पीजी' दिलं असतं, म्हणजे पालकांनी विचार करून दाखवावा. शेवटी २०२२ मध्ये खरोखर 'पीजी' झालं. चव्वेचाळीस वर्षांनी! सिनेमातला एकही ससा बदलला नव्हता. बघणाऱ्यांची समज बदलली होती.

आता आपल्याकडे या. सिनेमाचा पहिला कायदा १९१८ चा, इंग्रजांचा. त्यांना काळजी पोरांच्या झोपेची नव्हती, राज्याच्या झोपेची होती. स्वातंत्र्यानंतर १९५२ चा कायदा आला, त्यात दोनच खाने होते. 'यू' म्हणजे सगळ्यांनी बघा, 'ए' म्हणजे फक्त प्रौढांनी. पाच वर्षांचं पोर आणि पंधरा वर्षांचा दहावीतला मुलगा एकाच खान्यात. हे असं तीसेक वर्षं चाललं. १९८३ मध्ये मधला 'यूए' आला, बारा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांनी लक्ष द्यावं असा.

याच 'यूए'वरून २०१६ मध्ये देशभर हशा झाला होता, आठवतंय? हॉलिवूडचा नवा 'जंगल बुक' आला. मोगली खरा मुलगा, बाकी प्राणी कॉम्प्युटरवर बनवलेले. आपल्या सेन्सॉर बोर्डाने त्याला 'यूए' दिलं. तेव्हाचे अध्यक्ष पहलाज निहलानी म्हणाले की थ्रीडीमध्ये प्राणी अंगावर येतात, मुलं घाबरतील. झालं! दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगली बघून वाढलेली आमची पिढी तुटून पडली. मीही या पानावर त्यांची टर उडवली होती. आता शोधलं तर दिसलं की अमेरिकेत आणि ब्रिटनमध्येही त्या सिनेमाला 'पीजी'च मिळालं होतं. बोर्डाचे बाकीचे अनेक निर्णय टर उडवण्यासारखे होते, पण हा नव्हता. अंधाऱ्या हॉलमध्ये चष्मा लावून बसलेल्या चार वर्षांच्या मुलाला शेरखान आणि आमच्या वीस इंची टीव्हीवरचा शेरखान यात फरक आहे.

त्याच वर्षी श्याम बेनेगल समितीने सांगितलं की 'यूए'चे वयाप्रमाणे भाग करा. २०२१ मध्ये ओटीटीसाठी तशी शिडी आली आणि २०२३ च्या दुरुस्तीने ती थिएटरलाही लागू झाली. यूए ७+, यूए १३+, यूए १६+. आता कुठे पाच वर्षं आणि पंधरा वर्षं वेगळी झाली.

पण यातली गोम नीट ऐका. 'ए' सिनेमाला मुलाला सोडलं तर टॉकीजवाला कायद्यात अडकतो. 'यूए'चं तसं नाही. ७, १३, १६ हे आकडे फक्त आई-वडिलांच्या विचारासाठी आहेत, दुसरं कुणी ते लादू शकत नाही. म्हणजे त्या दिवशी दारावरच्या माणसाने अडवलं नाही, यात त्याची चूक नव्हती. ती खूण त्याच्यासाठी नव्हतीच. ती आपल्यासाठी होती.

काही जण म्हणतील, "आमच्या आजीने राक्षसाच्या गोष्टी सांगितल्या, आम्हाला काय झालं?" बरोबर आहे. भोपळ्यातल्या म्हातारीच्या गोष्टीत वाघ म्हातारीला खायलाच निघालेला असतो. पण आजी गोष्ट सांगायची तेव्हा तिला आमचा चेहरा दिसायचा. डोळे मोठे झाले की ती वाघाचा आवाज बारीक करायची. फारच घाबरलो तर म्हातारीला लेकीच्या घरी लवकर पोचवायची. पडद्याला मुलाचा चेहरा दिसत नाही. मुंबईतल्या बोर्डालाही दिसत नाही. तो फक्त शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला दिसतो, तोही मोबाइलमध्ये नसेल तर.

अमेरिकेत जोआन कँटर नावाच्या प्राध्यापिकेने मुलं पडद्याला का घाबरतात यावर अनेक वर्षं अभ्यास केला. तिचं म्हणणं आपल्या अनुभवाशी जुळतं. अगदी लहान मुलं 'दिसण्याला' घाबरतात. चांगल्या माणसाचा डोळ्यांसमोर राक्षस झाला की त्यांचा धीर सुटतो. म्हणजे १९३८ ची ती राणी! मोठी मुलं 'हे खरंच घडू शकतं' याला घाबरतात. आणि सगळ्यात कामाचं हे की लहान मुलाला "अरे, हे खोटं आहे" सांगून उपयोग होत नाही. त्याला जवळ घ्या, पाणी द्या, आवडतं खेळणं हातात द्या.

तेव्हा तिकीट काढण्याआधी एवढं बघा. आकडा काय आहे? त्यात आई किंवा बाप मरतो का, आणि ते पडद्यावर दिसतं का? 'बँबी'त (१९४२) आईला गोळी लागते तो फक्त आवाज येतो, 'लायन किंग'मध्ये (१९९४) पिल्लू मेलेल्या बापाला उठवत बसतं. दोन्ही कार्टूनच, पण लहान पोराच्या मनावर दोन्हींचा भार सारखा नाही. भीतीचा प्रसंग लगेच निवळतो की अर्धा तास ताणतो? आणि पोर "बाहेर चल" म्हणालं तर उठा. तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील.

फादर ऑफ इंडियन सिनेमा म्हणून आपण ज्यांचा अभिमान बाळगतो त्या दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये आगकाड्या नाचवून चित्रपट केला होता. जड वस्तू हलती करायची ही एक कला आहे. तिच्यातून पोराला हसवताही येतं आणि मोठ्या माणसाला हादरवताही येतं. कार्टून ही सिनेमा करायची पद्धत झाली. तो बघणाऱ्याचं वय त्यावरून ठरत नाही.

माझ्यापुरतं ठरवलंय. यापुढे सिनेमाची बातमी लावली तर प्रमाणपत्राचा आकडा मथळ्याखाली ठळक येईल, आणि बघितल्याशिवाय 'पर्वणी' हा शब्द येणार नाही. त्या ताईंना फोन करून माफी मागितली. पोरीचं विचारलं. म्हणाल्या, "आता झोपते, पण दाराची फट उघडी ठेवावी लागते."

ती फट माझ्या मथळ्यामुळे उघडी आहे.