रायगडावरचा इंग्रज पाहुणा आणि दरबाराचा रिवाज

१/ चाकणच्या कारखान्यात येणारा जर्मन वा जपानी अभियंता असो, की तिकडे निघालेला पिंपरी-चिंचवडचा. दोघांसमोर प्रश्न तेच असतात. भेट काय न्यावी? अभिवादन कसे करावे? कोणता विषय टाळावा? साडेतीनशे वर्षांपूर्वी हेच प्रश्न रायगडाच्या पायथ्याशी एका इंग्रजापुढे उभे होते.

२/ मे १६७४. ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन मुंबईहून रायगडाकडे निघाला. राजापूरच्या लुटलेल्या वखारीची भरपाई आणि व्यापाराच्या सवलती मिळवणे हे त्याचे काम. सोबत दुभाषी नारायण शेणवी.

३/ शिवाजी महाराज प्रतापगडच्या भवानीच्या दर्शनास गेले होते. वकिलाला पाचाडास थांबावे लागले. तेथे निराजीपंतांनी त्याला सावध केले : जंजिऱ्याच्या सिद्दीशी सलोखा करण्याचा विषय महाराजांपुढे काढू नये. काय मागावे याइतकेच काय मागू नये, हेही परमुलखात ठाऊक असावे लागते.

४/ नजराण्यांचाही रिवाज होता. केवळ महाराज आणि संभाजीराजे यांना भेट देऊन भागत नसे. मोरोपंत, अण्णाजीपंत, निराजीपंत अशा कारभाऱ्यांनाही ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणे नजराणा द्यावा लागे.

५/ ६ जून, राज्याभिषेकाचा दिवस. ऑक्झिंडेनने दुरूनच लवून मुजरा केला. नारायण शेणव्याने नजराण्याची हिऱ्याची अंगठी वर धरली. महाराजांची नजर गेली आणि इंग्रजांना सिंहासनाच्या पायरीपर्यंत येण्याची आज्ञा झाली. पोशाख मिळताच लगेच माघारी फिरायचे, हाही नियमच.

६/ तेवढ्या वेळातही त्याने सिंहासनाच्या दोन बाजूंचे भाले टिपले : सोन्याची मत्स्यमुखे, घोड्यांची शेपटे आणि न्यायाचे प्रतीक असलेला सोन्याचा तराजू.

७/ कुतूहल दुहेरी होते. या पाहुण्यांना रोज मांस पुरवणारा म्हातारा खाटीक, आपल्या साऱ्या गिऱ्हाइकांहून अधिक मांस खाणारी ही माणसे दिसतात तरी कशी, हे पाहायला गड चढून आला!

८/ तहाच्या बोलण्यात इंग्रजांनी फुटून किनाऱ्याला लागलेल्या जहाजांचा माल परत मागितला. कोकणच्या रिवाजात ते बसत नाही, अशी हरकत आरंभी घेतली गेली. तरी १२ जूनला तह झाला. राजापूरच्या भरपाईपोटी १०,००० होन मान्य झाले.

९/ दरबारात कोण कोठे उभा राहतो, हा केवळ शिष्टाचार नसतो, हे महाराज अनुभवाने जाणत होते. १२ मे १६६६ रोजी आग्र्यात औरंगजेबाने त्यांना पंचहजारी मनसबदारांच्या रांगेत उभे केले. परक्या दरबाराची रीत म्हणून तो अपमान त्यांनी गिळला नाही. भर दरबारात संताप व्यक्त करून ते निघून गेले आणि नजरकैदेत पडले. आठ वर्षांनी रायगडावर दरबार त्यांचा होता. कोणी किती जवळ यावे, हे आता तेच ठरवत होते.