कंदिलापासून जादा दिव्यापर्यंत

पौष अमावास्येच्या रात्री आदिलाबाद जिल्ह्यातील केसलापूर येथे नागोबाची जत्रा भरते. मेस्राम कुळीच्या राजगोंडांचे हे दैवत. जत्रेची तिथीच अशी की, आकाशात चंद्राचा मागमूस नसावा. या जत्रेला जाणाऱ्या बैलगाड्यांनी इंद्रवेल्ली-उटनूर भागातील वाटा पिढ्यान्‌पिढ्या तुडविल्या आहेत. आज त्याच वाटांवर मोटारसायकलींची वर्दळ आहे आणि त्यांतील कित्येकींवर, मूळ दिव्याच्या जोडीला, दोन लहान पण प्रखर एलईडी दिवे बसविलेले दिसतात. हे जादा दिवे बसविणे सोपे. परंतु एखाद्या पावसाळ्यानंतर ते पेटेनासे झाले, म्हणजे दोष कोठे शोधावा हे भल्याभल्यांना उमगत नाही. श्रोतेहो, हा प्रश्न केवळ मिस्त्रीच्या दुकानातला नव्हे. वाटेवरच्या दिव्याचा जो इतिहास आहे, त्याच्या प्रत्येक पायरीवर एक नवा दोष जन्मास आलेला आहे. तो इतिहास ध्यानी घेतला, तर दोष शोधण्याची रीतही आपोआप हाती येते.

प्रथम ज्या प्रदेशाविषयी आपण बोलत आहोत त्याची ओळख करून घेऊ. आदिलाबाद हा निजामाच्या राज्यातील जिल्हा १९०५ साली अस्तित्वात आला. पैनगंगेच्या अलीकडे वऱ्हाड आणि पलीकडे हा जिल्हा; त्यामुळे मराठी, तेलुगू, गोंडी आणि दख्खनी उर्दू या भाषा येथील बाजारात एकमेकींच्या शेजारी नांदत आल्या आहेत. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे मराठी मुलूख या जिल्ह्यातून निघून तत्कालीन मुंबई राज्यात आले. उरलेल्या जिल्ह्याचे २०१६ साली चार जिल्हे झाले. नागपूरहून हैदराबादेस जाणारा हमरस्ता पैनगंगा ओलांडून आदिलाबाद शहराजवळून निर्मळकडे उतरतो. हमरस्ता सोडून उटनूर किंवा केरामेरीच्या बाजूस वळले, की साग-बांबूचे रान, घाटाची वळणे आणि दाट काळोख यांची सोबत सुरू होते. दिव्याची खरी परीक्षा अशाच रस्त्यावर होते.

या वाटांवरचा जुना दिवा म्हणजे गाडीच्या आखाखाली टांगलेला कंदील. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ओगलेवाडीच्या काचकारखान्याचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रात घरोघर पोहोचला होता. गाडीखालच्या कंदिलाचे काम रस्ता दाखविण्याचे नव्हतेच. रस्ता बैलांना ठाऊक असे. कंदील असावयाचा तो समोरून किंवा मागून येणाऱ्याला गाडीची चाहूल देण्यासाठी. दिव्याची ही दोन कामे, आपण पाहणे आणि दुसऱ्यास दिसणे, नीट लक्षात ठेवावीत. पुढे त्यांचा संबंध येणार आहे.

वेगाने धावणारे वाहन आले तेव्हा कंदील अपुरा पडला. १८९२च्या सुमारास कॅल्शियम कार्बाइड मोठ्या प्रमाणावर तयार करण्याची युक्ती सापडली आणि थोड्याच वर्षांत सायकली, मोटारी व मोटारसायकली यांवर कार्बाइडचे दिवे आले. वरच्या टाकीतून थेंबथेंब पाणी खालच्या खड्यांवर पडे, त्यातून ॲसिटिलीन वायू निघे आणि तो शुभ्र ज्योतीने जळे. या दिव्यातही बिघाड होत. पण ते डोळ्यांना दिसत. पाणी संपले, खडे विरले, ज्योतीचे तोंड काजळीने बुजले, याखेरीज चौथे कारण क्वचितच असे. काडीने तोंड साफ केले, की काम भागे.

विजेने ही सोय नाहीशी केली. पहिल्या महायुद्धानंतरच्या दशकात बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीचा डायनॅमो मोटारसायकलींवर रुळला आणि ज्योतीच्या जागी तापून उजळणारी तार आली. दिवा अधिक सोयीचा झाला. पण दोष अदृश्य झाला. तार वरून शाबूत दिसते आणि आतून तुटलेली असते. जोड घट्ट दिसतो आणि गंजलेला असतो. तेव्हापासून दोष पाहण्याऐवजी तो तर्काने शोधावा लागू लागला.

आपल्या देशात १९५५ साली मद्रासेस एन्फील्ड इंडियाची स्थापना झाली. १९६१ साली म्हैसूरला जावा मोटारसायकली निघू लागल्या. त्या काळच्या या गाड्यांची वीज सहा व्होल्टची असे. सहा व्होल्टच्या दिव्याचा मंदपणा पुष्कळांच्या स्मरणात असेल. त्याचे कारण ओहम या जर्मन शास्त्रज्ञाने १८२७ साली मांडलेल्या नियमात आहे. तीस वॅटच्या दिव्याला सहा व्होल्टवर पाच अँपिअर प्रवाह लागतो. वाटेतील गंजलेल्या जोडांचा रोध केवळ एकपंचमांश ओहम धरला, तरी एक व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो. सहांतून एक गेला एवढ्यावर हे भागत नाही. तापलेल्या तारेचा प्रकाश दाबापेक्षा फार झपाट्याने उतरतो, आणि म्हणून दिवा जवळजवळ निम्मा होतो. हाच दिवा बारा व्होल्टवर चालविला, तर प्रवाह अडीच अँपिअर, नुकसान अर्ध्या व्होल्टचे, आणि प्रकाश उणावतो तो आठव्या हिश्श्याने. बारा व्होल्टची पद्धत रूढ झाली तिच्यामागे हा साधा हिशेब आहे.

याच हिशेबातून रिलेचे महत्त्व कळते. रिले हे मूळचे तारायंत्राचे अपत्य. १८३५च्या सुमारास अमेरिकेतील जोसेफ हेन्री यांनी दाखविले की, दुरून आलेला क्षीण प्रवाह एका विद्युतचुंबकाला जागे करू शकतो आणि तो चुंबक जवळच्या बलवान प्रवाहाची वाट मोकळी करतो. मोटारसायकलीवरही हीच योजना. मुठीजवळच्या नाजूक बटणातून केवळ निरोप जावा. दिव्यांचा भार बॅटरीपासून जाड तारेने, रिलेमार्गे, थेट दिव्यांकडे जावा. आणि त्या वाटेच्या आरंभी, बॅटरीच्या अगदी निकट, फ्यूज असावा. फ्यूज म्हणजे मुद्दाम ठेवलेला दुबळा दुवा. वीस-वीस वॅटच्या दोन दिव्यांना सव्वातीन अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. पाच अँपिअरचा फ्यूज त्यांना पुरे. फ्यूज वारंवार उडतो म्हणून तेथे तांब्याची तार गुंडाळणे म्हणजे राखणदाराला बांधून ठेवून दार उघडे टाकणे होय. मग फ्यूजऐवजी पेट्रोलच्या टाकीखालून गेलेली तार जळते.

आता राहिला खुद्द एलईडी. १९०७ साली राउंड नावाच्या इंग्रज अभियंत्याला सिलिकॉन कार्बाइडच्या खड्यातून वीज नेताना मंद उजेड दिसला. एका कार्बाइडने जुना दिवा पेटविला होता, दुसऱ्याने नव्याची चाहूल दिली, हा योगायोग मौजेचा आहे. १९६२ साली निक होलोन्याक यांनी लाल प्रकाशाचा एलईडी सिद्ध केला. निळ्या प्रकाशासाठी आणखी तीन दशके जावी लागली. आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना त्याबद्दल २०१४ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळा प्रकाश पिवळ्या लेपातून नेला, की डोळ्यांना तो शुभ्र भासतो; आजचे दिवे बहुतेक याच रीतीचे.

परंतु या दिव्याचा स्वभाव तारेच्या दिव्याहून अगदी भिन्न आहे. तारेच्या दिव्याला प्रवाह कोणत्या बाजूने येतो याची पर्वा नसते. एलईडी एकाच दिशेचा प्रवाह मानतो. शतकाच्या मध्यावरच्या पुष्कळ ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. अशा जुन्या गाडीवर काळी तार डोळे मिटून सांगाड्याला लावली, तर दिवा पेटणार नाही आणि कदाचित कायमचा निकामी होईल. दुसरा धोका अलीकडच्या लहान गाड्यांतला. २०१७च्या एप्रिलपासून आपल्याकडील नव्या दुचाकींचा पुढील दिवा इंजिनाबरोबर आपोआप पेटता राहू लागला. त्यापूर्वीच्या कित्येक लहान गाड्यांत तो बॅटरीवर नव्हे, तर थेट कॉइलच्या उलटसुलट प्रवाहावर चाले. इंजिनाचा वेग वाढला की प्रकाश वाढावयाचा, ही त्याची खूण. अशा तारेतून एलईडीला वीज दिली, तर तो थरथरतो आणि अल्पायुषी ठरतो. त्याची वीज बॅटरीच्याच बाजूने घेतली पाहिजे.

एवढी पार्श्वभूमी ध्यानात ठेवली, की दोष शोधणे हे अंधारात चाचपडणे राहत नाही. पहिला प्रश्न असा विचारावा: एक दिवा गेला की दोन्ही? एकच गेला असेल, तर दोष त्याच्या स्वतःच्या फाट्यावर, म्हणजे त्याच्या जोडात, त्याच्या अर्थिंगमध्ये किंवा त्याच्यातच आहे. दोन्ही गेले असतील, तर दोघांची सामाईक वाट पाहावी: फ्यूज, रिले, बटण. बटण दाबताच रिलेचा ‘टक्’ असा आवाज आला, तर निरोप पोहोचला आहे. अडचण बहुधा भाराच्या वाटेवर आहे. आवाज आला नाही, तर बटण आणि त्याच्या बारीक तारा तपासाव्यात. नंतर अर्थिंग. दिव्याच्या काळ्या तारेपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत एक सुटी तार तात्पुरती धरावी. दिवा लागला, तर अपराधी सांगाड्यावरचा तो रंग किंवा गंज होय, ज्यावर कोणी घाईने स्क्रू आवळून अर्थिंग केले होते. फ्यूज उडतच असेल, तर हँडल जेथे वळते त्या मानेजवळ तारेचे वेष्टण घासले गेले आहे का, ते पाहावे. बटण बंद असूनही दिवा मिणमिणत असेल, तर भुते शोधू नयेत. ओलसर जोडातून झिरपणारा नगण्य प्रवाहही एलईडीला पुरतो. आणि दिवे पुनःपुन्हा जळून जात असतील, तर दिव्यांना दोष न देता रेग्युलेटर तपासावा. इंजिन चालू असता बॅटरीवर चौदा व्होल्टच्या आसपास दाब असावा. तो पंधराच्या पुढे जात असेल, तर नवे दिवे घेणे म्हणजे पैसे जाळणे आहे.

यांतील बहुतेक तपासण्यांस लागणारे साधन एकच: एक छोटा बल्ब आणि त्याला जोडलेल्या दोन तारा. मिस्त्री लोक त्याला टेस्ट लॅम्प म्हणतात. बॅटरीपासून आरंभ करून प्रवाहाच्या मागोमाग एकेक टप्पा चालत जावे. जेथे हा बल्ब पेटावयाचे थांबतो, त्याच्या अलीकडच्या जोडात दोष आहे. मल्टिमीटर हाताशी असेल तर उत्तमच; पण पद्धत तीच. हातात साधन कोणते यापेक्षा क्रम न सोडणे अधिक मोलाचे. चार तारा एकदम सोडविणारा मनुष्य एका दोषाचे चार करून बसतो.

हे सारे करावयाचे कशासाठी, तेही सांगितले पाहिजे. प्रखर दिव्याची डोळ्यांना सवय झाली, की तो घाटाच्या वळणावर अकस्मात विझणे हे मुळात मंद दिवा असण्याहून अधिक घातक असते. अंधाराला सरावण्यास डोळ्यांना वेळ लागतो आणि वळण तेवढा वेळ देत नाही. याच्या उलट बाजूही तितकीच खरी आहे. आपला दिवा उत्तम पेटला, पण त्याचे तोंड वर राहिले, तर समोरून येणारा सायकलस्वार किंवा गाडीवान काही क्षण आंधळा होतो. म्हणून जादा दिव्यांचा झोत खाली, रस्त्यावर पडेल असा बांधावा, त्यांचे बटण स्वतंत्र असावे, आणि समोर वाहन दिसताच ते मालवावेत. कंदील दुसऱ्याला सावध करीत असे, त्याचे डोळे दिपवीत नसे. कापसाच्या दिवसांत या जिल्ह्याच्या रस्त्यांवर बिनदिव्याच्या गाड्या अजूनही भेटतात. त्यांना वेळीच पाहणे आणि त्यांच्या गाडीवानाला आपल्याला पाहू देणे, ही दोन्ही कामे ज्याने साधली, त्याचाच दिवा नीट जोडलेला आहे असे म्हणावे.