कळंबची चार अक्षरं

कृतिदेव फाँटमध्ये 'कळंब' टाइप केलं की पडद्यावर स्वच्छ मराठी उमटतं. संगणकाच्या पोटात मात्र साठतात चार रोमन अक्षरं: छोटा डी, मोठा जी, छोटा ए, छोटा सी. फाँट आहे तोवर गाव जागेवर आहे. फाँट गेला की पुणे-नाशिक रस्त्यावर मंचर आणि नारायणगावच्या मधे वसलेलं हे गाव पडद्यावरून पुसलं जातं आणि कुणालाच न वाचता येणारी चार अक्षरं मागे उरतात.

ऑफिसातल्या जुन्या संगणकावरची ऑपरेटिंग सिस्टिम बदलण्याचा मराठी मुलखातला इतिहास या चार अक्षरांभोवती फिरतो. इंग्रजीत कारभार करणाऱ्या कचेरीचं काम सोपं असतं: फाइली बाजूला काढायच्या, फॉरमॅट मारायचा, नवी सिस्टिम टाकायची, फाइली परत आणायच्या. पतसंस्था, दूध संस्था, ग्रामपंचायत किंवा लग्नपत्रिकांचं डीटीपी दुकान यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या फाइली परत येतात, पण त्यांतली मराठी येईलच असं नसतं.

याची सुरुवात डॉसच्या काळात झाली. डॉसला देवनागरी ठाऊक नव्हती. आयआयटी कानपूरमध्ये 'जिस्ट' हे तंत्र तयार झालं आणि १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाल्यावर ते तिथे वाढलं. जिस्ट कार्ड संगणकाच्या स्लॉटमध्ये बसवलं की डीबेससारखे इंग्रजीसाठी लिहिलेले प्रोग्रॅमसुद्धा मराठी दाखवू लागत. त्यामागचं 'इस्की' हे प्रमाण १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने स्वीकारलं. ब्राह्मीपासून निघालेल्या सगळ्या भारतीय लिप्यांना एकच सांकेतिक कोष्टक, ही त्यातली कल्पना आजही थक्क करते. मराठीतला 'क' आणि बंगालीतला 'क' यांचा क्रमांक तिथे एकच होता.

मग विंडोज आलं आणि ही घडी विस्कटली. विंडोज पडद्यावरचं प्रत्येक अक्षर स्वतः चित्रासारखं काढतं, त्यामुळे कार्डाला काही कामच उरलं नाही. उपाय निघाला तो फाँटचा. रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवायचे: कुठे काना, कुठे अर्धा श, कुठे रफार. सी-डॅकचं आयएसएम आणि पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी महाराष्ट्रभर पसरलं ते याच वाटेने. छपाई देखणी झाली, वर्तमानपत्रं त्यावर निघाली, सरकारी पत्रं 'सुरेख' फाँटमध्ये जाऊ लागली. या मंडळींनी मराठीला संगणकावर आणलं, हे ऋण मोठं आहे. पण प्रत्येकाची घरं वेगळी होती. एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फाँटमध्ये उघडला की कचरा दिसे. शिवाय सोबत असे डोंगल: प्रिंटरच्या पोर्टला मागून लावायचं, बोटाएवढं कुलूप. ते नसेल तर प्रोग्रॅम चालत नसे. पुढे नव्या संगणकांना तो पोर्टच उरला नाही आणि अनेक कचेऱ्यांनी जुनं मशीन केवळ डोंगलपायी सांभाळून ठेवलं.

यातून सुटण्याची वाट तोवर तयार झाली होती. १९९१च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली. त्यात 'कळंब' म्हणजे २३२५, २३५५, २३०६ आणि २३४८ हे चार क्रमांक, कुठल्याही फाँटमध्ये तेच. विंडोज २००० पासून त्याची सोय विंडोजमध्ये आली. पण ती आपोआप चालू नसे; विंडोज एक्सपीमध्येही 'रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स'मध्ये जाऊन एका चौकटीवर खूण करावी लागे आणि मग संगणक विंडोजची मूळ सीडी मागे. ज्याच्या दुकानातून मशीन घेतलं त्याने सीडी दिलेली नसली की मराठी तिथेच अडे. सीडी घातली तरी मंगल फाँटमधला 'ल' हिंदी वळणाचा. 'ल'चं मराठी वळण शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयात प्रमाण म्हणून पुन्हा ठरवून दिलं, कारण तोवर शाळेत एक आणि पडद्यावर दुसरं अशी स्थिती झाली होती.

८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीचा आधार संपला. नवं विंडोज जुन्या मशीनला झेपत नव्हतं आणि विकत घेणं लहान संस्थेला परवडत नव्हतं. लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम फुकट होती, कमी रॅमवर चालत होती. त्यात मराठी दिसण्यामागे बऱ्याच जणांचे कष्ट होते: मुंबईत लिनक्समध्ये भारतीय भाषा आणणाऱ्या इंडलिनक्स गटाचे कार्यकर्ते आणि एनसीएसटी या सरकारी संशोधन संस्थेतले अभियंते, पुण्यात रेड हॅट या लिनक्स कंपनीचं ऑफिस. तिथूनच २००४ साली 'लोहित' फाँट मोकळा झाला. म्हणजे कुलूप पुण्यात घडलं तसं ते उघडण्याचं कामही बरंचसं पुण्यातच झालं, कळंबपासून साठ-सत्तर किलोमीटरवर.

लिनक्स या भागाला तसं परकं नाही. कळंबच्या उत्तरेला खोडद आणि आसपासच्या परिसरात जीएमआरटीच्या तीस महाकाय रेडिओ दुर्बिणी उभ्या आहेत. त्यांचे संदेश जुळवणाऱ्या खास बनावटीच्या यंत्रणेच्या जागी २०१०च्या सुमारास साध्या, बाजारात मिळणाऱ्या संगणकांचा लिनक्सवर चालणारा समूह आला. तिथे आकडे होते, अक्षरं नव्हती, म्हणून तो बदल निभावला. पतसंस्थेच्या कारकुनापुढे मात्र पंधरा वर्षांचं इतिवृत्त असतं.

ते युनिकोडमध्ये बदलताना नेमकं काय होतं ते 'मिळकत' या शब्दात दिसतं. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी आधी टाइप होते, मग म. डोळ्यांना जसं दिसतं तसं. युनिकोडमध्ये आधी म, मग वेलांटी. तोंडाने जसं म्हणतो तसं. रफाराचं उलट: 'वर्ग' लिहिताना जुन्या फाँटमध्ये तो ग नंतर ठेवत, युनिकोडमध्ये र आधी येतो. कन्व्हर्टरला प्रत्येक शब्दात ही उचलाउचल करावी लागते. 'शेतकऱ्याचा' मधला अर्धा र तिथे हमखास फसतो. नावात एक रफार सरकला तर खातेदार बदलतो, म्हणून रूपांतर झालेलं प्रत्येक पान कुणीतरी मोठ्याने वाचून तपासावं लागतं.

राज्याने सातबाऱ्याच्या बाबतीत हेच मोठ्या प्रमाणावर केलं. संगणकातला सातबारा हस्तलिखिताशी ताडण्यासाठी २०१७ साली गावोगाव चावडी वाचन झालं, दुरुस्त्या झाल्या आणि १ मे २०१८ रोजी डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला. पिढ्यान्‌पिढ्यांचं दप्तर शेवटी गावाच्या कानांवर पारखून घेतलं गेलं.

लहान कचेऱ्यांना अशी मोहीम मिळाली नाही. तिथे नव्या मशीनवर रोजचं काम चालतं आणि कोपऱ्यात एक्सपीचं जुनं मशीन इंटरनेटची वायर काढून ठेवलेलं असतं. एखादा जुना ठराव लागला की ते सुरू करायचं, फाइल उघडायची, प्रिंट काढायची आणि समोर ठेवून नव्यावर पहिल्यापासून टाइप करायची. खंडेनवमीला दोन्ही मशीनना झेंडूचा हार घालतात. जुन्याच्या मागे डोंगल अजून लावलेलं असतं.