वाळूंतून निघालेली मोटार

जुन्या मोटारीची गोष्ट सांगतांना लोक तिच्या वेगाविषयीं बोलतात, मालकाविषयीं तर फारच बोलतात. तिला पुन्हा उभी करणाऱ्या मिस्त्र्याचें नांव मात्र बहुधा शेवटच्या ओळींत येतें, नाहीं तर येतच नाहीं. ज्यांच्या घरीं वडिलांच्या वेळची एखादी मोटार वर्षानुवर्षें धूळ खात पडली आहे, त्यांना हा अन्याय चटकन उमगेल. पैसा कसा तरी उभा करतां येतो. पण गाडी विश्वासानें सोंपवावी कोणाकडे, हा प्रश्न रात्रीची झोंप घालवितो. आम्ही येथें जिची हकीकत सांगणार आहों, त्या मोटारीच्या बाबतींत हा प्रश्न अधिकच नाजूक होता. कारण ती वाळूंत पुरलेली होती, आणि तीही जाणूनबुजून.

तिचा मालक जॉन गॉडफ्रे पॅरी-थॉमस हा वेल्समध्यें १८८४ सालीं जन्मला. लेलँड कंपनीच्या मुख्य इंजिनियराची जागा सोडून हा गृहस्थ ब्रुकलंड्सच्या शर्यतींच्या नादीं लागला. काउंट झ्बोरोव्स्की हा श्रीमंत शर्यतबहाद्दर १९२४ सालीं माँझा येथें अपघातांत मेला, तेव्हां त्याची ‘हायम स्पेशल’ ही अजस्र गाडी थॉमसनें अवघ्या १२५ पौंडांना घेतली. तिच्यांत विमानासाठीं बनविलेलें २७ लिटरचें, बारा सिलिंडरांचें ‘लिबर्टी’ इंजिन होतें, आणि मागचीं चाकें सायकलीप्रमाणें साखळ्यांनीं फिरत. थॉमसनें तिच्यांत पुष्कळ फेरफार केले व तिचें नांव ठेवलें ‘बॅब्ज’. एवढ्या दांडग्या यंत्राला असें लाडकें नांव!

वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील पेंडाइनची लांबच लांब सपाट पुळण ही त्यांची रणभूमि. २८ एप्रिल १९२६ रोजीं तेथें बॅब्जनें ताशीं १७१.०२ मैलांचा जागतिक उच्चांक केला. पुढच्या फेब्रुवारींत माल्कम कॅम्बेलनें त्याच पुळणीवर तो मोडला. थॉमस परत आला, आणि ३ मार्च १९२७ रोजीं भरधांव वेगांत गाडी उलटून ठार झाला. जमिनीवरील वेगाच्या उच्चांकापायीं प्राण गमावणारा तो पहिला चालक. त्याचा देह सरे परगण्यांत बायफ्लीटला विसावला. गाडी मात्र तिथेंच पेंडाइनच्या वाळूंत पुरली गेली. अस्थींचे जसें विसर्जन करतात, तसेंच कांहींसें हें वाटतें.

बेचाळीस वर्षें लोटलीं. १९६९ सालीं बँगॉरच्या तांत्रिक महाविद्यालयांत शिकविणारे ओवेन विन ओवेन हे गृहस्थ तिला वर काढण्यास पुढें आले. येथेंच खरी कसोटी होती. थॉमसच्या नातलगांना आणि पेंडाइनच्या गांवकऱ्यांना ही कल्पना पटण्यासारखी नव्हती. त्यांचें तरी काय चुकलें? ज्या यंत्रानें घरचा मनुष्य नेला, तें उकरून त्याचा तमाशा मांडावा, हें कोणास रुचेल? ओवेन रातोरात फावडें घेऊन गेले नाहींत. त्यांनीं परवानगी मिळविली, मगच वाळूला हात लावला. आमच्या मतें त्यांच्या विश्वासार्हतेचा पहिला दाखला हा. पान्हा हातीं घेण्याच्या आधींचा.

पुढें जवळजवळ पंधरा वर्षें काम चाललें. खाऱ्या वाळूंत चार दशकें पडलेल्या धातूची दशा काय होते, हें कोंकणांतल्या वाचकांस सांगावयास नको. एक गोष्ट मात्र अनुकूल होती. लिबर्टी इंजिनें पहिल्या महायुद्धाच्या निमित्तानें अमेरिकेंत हजारोंनीं बनलीं होतीं. त्यामुळें त्याची रचना कांहीं गूढ राहिली नव्हती. पण घाई करणाऱ्या मिस्त्र्यानें वांकलेलें, तुटलेलें सारें भंगारांत टाकून चकचकीत नवी गाडी करून दिली असती, आणि बघ्यांनीं टाळ्याही वाजविल्या असत्या. अशी गाडी चालते खरी, पण तिची साक्ष संपते.

साक्षीचें महत्त्व या प्रकरणांत फार होतें. साखळी तुटून थॉमसला लागली आणि त्यांतच तो गेला, असें सर्वत्र मानलें जात होतें. गाडी बाहेर आल्यावर या समजुतीविषयीं शंका निघाली, आणि मागील उजवें चाकच आधीं निकामी झालें असावें, असें मत पुढें आलें. वर्षानुवर्षें साखळीवर ठेवलेला ठपका लोखंडाचे तुकडे नीट पाहणाऱ्यांमुळें पुन्हा तपासला गेला. इतिहासकार कागद वाचतो. येथें मोडकें चाक वाचावें लागलें.

बॅब्ज पुन्हा धडधडूं लागली. ज्या गांवीं ती पुरली गेली होती, त्याच पेंडाइनच्या संग्रहालयांत ती उन्हाळ्यांत पाहावयास ठेवूं लागले. ओवेन २०१२ सालीं वारले. त्यांनीं जोडलेलें तें सत्तावीस लिटरांचें इंजिन त्यांच्या पश्चात् आहे.